आर्काची सत्तर वर्षे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोटार-शर्यतींचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी स्वाभाविकपणे डेटोना, इंडियानापोलिस, शार्लट अशा कीर्तिस्थानांभोवती फिरत राहते. आणि ज्या संस्थेने ओहायो, मिशिगन, इंडियाना व इलिनॉय या मुलखांतील लहानमोठ्या मार्गांवर, कधी डांबरावर तर कधी मातीवर, वर्षानुवर्षे आपल्या शर्यती भरविल्या, तिच्या वाट्याला त्या इतिहासात एखादे परिशिष्ट येते. 'ऑटोमोबाईल रेसिंग क्लब ऑफ अमेरिका', म्हणजेच 'आर्का', ही ती संस्था होय. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०२३ मध्ये सत्तर वर्षे पूर्ण झाली. मोटारधंद्याच्या निमित्ताने डेट्रॉईट व टोलेडोच्या परिसरात येऊन वसलेल्या, परंतु आपल्या घरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर होणाऱ्या या शर्यतींचा पूर्ववृत्तान्त ठाऊक नसलेल्या मराठी वाचकांपुढे तो या स्मरणिकेच्या द्वारे यावा, असे ठरल्यावरून पुढील मजकूर सिद्ध केला आहे.

आर्काच्या या शर्यती स्टॉक कारच्या होत. स्टॉक कार म्हणजे मूलतः कारखान्यातून निघून दुकानात विक्रीला ठेवलेली, सामान्य कुटुंब ज्या मोटारीतून रविवारी प्रार्थनेला जाते, तीच मोटार. तिची आसने काढून, दारे पक्की जखडून आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवून ती शर्यतीत उतरवीत. काळाच्या ओघात आतला सांगाडा सर्वस्वी शर्यतीसाठी घडविलेला झाला आणि बाजारातील मोटारीचे केवळ बाह्यरूप तेवढे उरले. तथापि आपल्या दारात उभी असलेली गाडीच तेथे धावते आहे ही प्रेक्षकांची आपुलकी अद्याप पुरती लोपलेली नाही. शर्यतीचा मार्ग बहुधा लंबवर्तुळाकार, दोन्ही टोकांच्या वळणांवर बाहेरच्या बाजूने चढत गेलेला, आणि मोटारी तेथे सदैव डावीकडे वळणाऱ्या. अनभिज्ञ माणसाला हा प्रकार एकसुरी वाटतो. पण ज्याने टायर झिजत चालल्यावर गाडीचे मागचे अंग वळणात निसटू पाहत असताना चालक ती केवळ मनगटाच्या जाणिवेने कशी सावरतो हे एकदा लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला येथील प्रत्येक फेरी मागच्या फेरीहून वेगळी असते हे सांगावे लागत नाही.

या व्यवसायाची रचना आधी समजून घेतली पाहिजे, कारण संस्थेच्या साऱ्या अडचणींचे मूळ तिच्यातच आहे. आर्कासारखी संस्था ही शर्यतीला सनद देणारी संस्था असते. मार्ग तिच्या मालकीचे नसतात, मोटारी तिच्या नसतात, चालक तिच्या पगारावर नसतात. तिच्यापाशी असते ती नियमांची एक पोथी, वजनकाटे, मोजमापाचे साचे, फेऱ्यांची मोजदाद ठेवणारे कारकून, आणि हे सारे निःपक्षपातीपणाने वापरले जाईल असा लौकिक. मार्गाचा मालक तिला ठराविक रक्कम देतो, त्या रकमेतून बक्षिसे वाटली जातात, आणि बक्षिसांच्या आशेने चालक आपापल्या खर्चाने गावोगाव येतात. आपल्याकडील जुन्या संगीत नाटक मंडळ्या नाट्यगृहाच्या मालकाशी करार करून मुक्काम टाकीत, तिकिटांच्या उत्पन्नाकडे डोळे लावून बसत, आणि अवेळी पाऊस लागला की कर्ज काढून पुढचा गाव गाठीत. त्याच जातीचा हा फिरता संसार आहे. मार्ग-मालक रुसला, दोन शनिवार पावसात गेले, किंवा नामांकित चालकाने पाठ फिरविली, तर असल्या संस्थेचे दफ्तर बंद व्हायला एक हंगाम पुरतो. मध्य-पश्चिमेत अशा कितीतरी संस्था निघाल्या आणि मावळल्या.

संस्थापक जॉन मार्कम हे स्वतः शर्यतीत मोटार हाकलेले गृहस्थ. बिल फ्रान्स यांच्याशी ते तरुणपणी शर्यतींत स्पर्धा करीत, आणि फ्रान्स यांनी १९४८ मध्ये नॅस्कार ही स्टॉक कार शर्यतींची संस्था विधिवत स्थापन केल्यानंतर तिच्यात अधिकारी म्हणून त्यांनी काही काळ कामही केले. नॅस्कारचा वावर मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत होता. उत्तरेकडे, ज्या मुलखात मोटारी प्रत्यक्ष बनत आणि ज्या मुलखातील कामगाराला इंजिनाचे अंतरंग आपल्या घरातील भांड्यांइतके परिचित होते, तेथे मात्र स्टॉक कारच्या शर्यतींना बांधीव, विश्वासार्ह अशी व्यवस्था नव्हती. ही उणीव ओळखून मार्कम टोलेडोला आले आणि पत्नी मिल्ड्रेड यांच्या साहाय्याने त्यांनी १९५३ मध्ये 'मिडवेस्ट असोसिएशन फॉर रेस कार्स', संक्षेपाने 'मार्क', ही संस्था काढली. टोलेडो हे स्थळ विचारपूर्वक निवडल्यासारखे होते. जीप गाड्यांचा कारखाना तेथे, चॅम्पियन स्पार्क प्लगची मुख्य कचेरी तेथे, आणि डेट्रॉईट उत्तरेला साठ मैलांच्या आत. कामगाराच्या हाती कसब होते आणि गाडीला सुटे भाग मिळत होते. फक्त शनिवारी रात्री कोठे जमावयाचे आणि कोणत्या नियमाने धावावयाचे, एवढेच ठरवून देणारा माणूस हवा होता.

संस्थेचा कारभार पहिल्यापासून घरगुती राहिला. घरगुती म्हणजे अव्यवस्थित नव्हे. पती नियम ठरवी व मार्ग-मालकांशी बोलणी करी, पत्नी दफ्तर व हिशेब सांभाळी, आणि चालक, त्यांचे मेकॅनिक, त्यांची बायकामुले हा सगळा परिवार हंगामभर एकत्र हिंडे. ओहायोतील डेटन, इंडियानातील सेलम व विंचेस्टर हे अर्ध्या मैलाच्या आसपासचे, भिंतीसारख्या उभ्या चढांचे मार्ग त्या काळातील या परिवाराची नित्याची ठाणी होत. सेलमच्या वळणांचा चढ तेहतीस अंशांचा. त्यावर माणसाला पायी चढून जाणेही सोपे नाही. पहिल्या वर्षाचे विजेतेपद जिम रोमाइन याला मिळाले. त्यानंतर मिशिगनच्या इगी कटोनाने १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे ते राखले, आणि पुढे १९६२, १९६६ व १९६७ मध्ये पुन्हा मिळवून आपली संख्या सहावर नेली. १९५८ ते १९६० ही तीन वर्षे नेल्सन स्टेसीची होती.

संस्थेच्या पुढील साऱ्या प्राक्तनाचा पहिला दाखला स्टेसीच्या चरित्रात मिळतो. तीन वर्षे 'मार्क'चे विजेतेपद मिळविल्यावर तो नॅस्कारमध्ये गेला, १९६१ मध्ये त्याने डार्लिंग्टनची 'सदर्न ५००' जिंकली आणि १९६२ मध्ये शार्लटची सहाशे मैलांची शर्यत जिंकली. टोलेडोच्या या लहानशा संस्थेत घडलेला चालक दक्षिणेच्या श्रेष्ठ चालकांना त्यांच्याच अंगणात मागे टाकतो, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्याच क्षणी तो संस्थेचा उरला नव्हता, हेही तितकेच खरे. जो सर्वांत चांगला निपजे तो निघून जाई, आणि जो तितका चांगला नसे, किंवा ज्याला घर, दुकान, गॅरेज सोडवत नसे, तो राही. मार्कम यांनी याचा राग मानल्याचे दिसत नाही. थोरल्या शेजाऱ्याशी वैर न मांडता त्याच्या सावलीचा उपयोग करून घ्यावयाचा, हे धोरण त्यांनी पत्करले. आणि माझ्या मते संस्थेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही या एकाच धोरणातून उपजली आहेत.

या धोरणाचे सर्वांत मोठे फळ १९६४ मध्ये पदरात पडले. बिल फ्रान्स यांनी फ्लॉरिडातील डेटोना येथे अडीच मैलांचा, एकतीस अंशांच्या वळणांचा प्रचंड मार्ग १९५९ मध्ये खुला केला होता. फेब्रुवारीत तेथे नॅस्कारच्या हंगामाचा प्रारंभ होई आणि त्या निमित्ताने कित्येक दिवस शर्यतींचा उत्सव चाले. त्या उत्सवात आपल्या जुन्या स्नेह्याच्या संस्थेलाही स्थान द्यावे असे फ्रान्स यांनी योजिले. मात्र 'मिडवेस्ट' हा प्रांतवाचक शब्द डेटोनाच्या जाहिरातीत शोभत नसल्यामुळे नाव पालटावे, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे त्याच वर्षी 'मार्क'ची 'आर्का' झाली, आणि डेटोनाची तिची पहिली शर्यत जिंकली ती त्याच नेल्सन स्टेसीने.

डेटोनाच्या या सनदेने संस्थेचे काय झाले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. अर्ध्या मैलाच्या मार्गावर धावणाऱ्या गाडीचा आणि अडीच मैलांच्या मार्गावर धावणाऱ्या गाडीचा धर्मच निराळा. लहान मार्गावर ब्रेक, वळणातली पकड आणि दुसऱ्याच्या गाडीला खांदा देऊन वाट काढण्याचे धाडस यांचे राज्य असते. मोठ्या मार्गावर वाऱ्याचे राज्य असते. पुढच्या गाडीने हवा फोडलेली असल्यामुळे तिच्या मागे चिकटून धावणाऱ्या गाडीला कमी अडथळा होतो, दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात, आणि शेवटच्या फेरीत मागच्याने बाजूला सरून पुढे कधी निसटावे हा सारा बुद्धीचा खेळ होऊन बसतो. ओहायोतील ज्या गॅरेजवाल्याने आपली गाडी सेलमच्या वळणांसाठी हाताने घडविली होती, त्याला डेटोनासाठी वेगळे इंजिन, वेगळे गिअर, वेगळी बांधणी, किंबहुना वेगळी गाडीच लागू लागली. एका फेब्रुवारीतील एका शर्यतीसाठी केलेला हा खर्च उरलेल्या वर्षातील लहान शर्यतींच्या बक्षिसांतून भरून निघणे शक्य नव्हते. तरीही लोक जात. संबंध देशाचे लक्ष ज्या मार्गावर लागलेले असे, तेथे एकदा धावल्याचा अभिमान त्यांना जन्मभर पुरे, आणि गावात परतल्यावर स्थानिक दुकानदाराकडून मदत मागताना तो अभिमान उपयोगी पडे. डेटोनामुळे आर्का देशभर ठाऊक झाली, आणि डेटोनामुळेच ती महाग झाली; या दोन्ही गोष्टी तेव्हापासून हातात हात घालून चालत आल्या आहेत.

दुसऱ्या एका प्रसंगी आर्काच्या चालकांवर अधिक नाजूक कामगिरी येऊन पडली. १९६९ मध्ये अलाबामातील टॅलाडेगा येथे फ्रान्स यांनी डेटोनाहूनही मोठा मार्ग उभारला. सप्टेंबरात तेथे पहिली पाचशे मैलांची शर्यत ठरली. परंतु त्या वेगाला टायर टिकत नाहीत असे दिसून आल्यावर रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखाली नॅस्कारच्या बहुतेक प्रमुख चालकांनी धावण्यास नकार दिला व गाड्या परत नेल्या. फ्रान्स यांनी शर्यत रद्द न करता दुय्यम दर्जाचे चालक व गाड्या गोळा करून ती पार पाडली. तिच्यात आर्काचा रॅमो स्टॉट तिसरा आला. चालकांची तक्रार न्याय्य होती, असेच मला वाटते. जीव धोक्यात घालणाऱ्याला टायरविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क नसेल तर दुसरा कोणाला असणार? पण आयोवातील कीओकक या मिसिसिपीकाठच्या गावातून आलेल्या, मोठ्या मार्गावर धावण्याची संधी वर्षातून एखाद-दोनदाच मिळणाऱ्या स्टॉटला दोष देणेही मला जमत नाही. त्याने पुढे १९७० व १९७१ मध्ये आर्काचे विजेतेपद मिळविले, आणि १९७६ च्या 'डेटोना ५००' मध्ये, आधीच्या वेगवान गाड्या नियमभंगामुळे बाद ठरल्यानंतर, अग्रस्थानावरून प्रारंभ करण्याचा मान त्याला मिळाला. त्याच कीओककच्या रॉन हचर्सनने पुढील दोन वर्षे, १९७२ व १९७३ मध्ये, आर्काचे विजेतेपद आपल्याकडे ठेवले.

या कालखंडातील सर्वांत लोभस व्यक्ती मात्र बेनी पार्सन्स ही होय. उत्तर कॅरोलिनात जन्मलेला हा तरुण डेट्रॉईटमध्ये वडिलांच्या पेट्रोल पंपावर व टॅक्सीच्या धंद्यात काम करी. १९६८ व १९६९ अशी दोन वर्षे तो आर्काचा विजेता झाला, आणि मग दक्षिणेला जाऊन १९७३ मध्ये नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेचा आणि १९७५ मध्ये 'डेटोना ५००'चा मानकरी ठरला. १९८२ मध्ये टॅलाडेगाच्या पात्रता फेरीत ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडणारा नॅस्कारचा पहिला चालकही तोच. उत्तरायुष्यात दूरदर्शनवर शर्यतींचे धावते वर्णन करतानाही आपण एके काळी डेट्रॉईटमध्ये टॅक्सी चालवीत होतो हे तो कधी लपवीत नसे. आर्काच्या नामावळीत त्याच्याहून अधिक वेळा जिंकलेले चालक आहेत. पण या संस्थेचे प्रयोजन काय असे कोणी विचारले, तर मी त्याचे नाव सांगेन.

सत्तरीच्या दशकात तेलाची टंचाई आली. १९७४ ची 'डेटोना ५००'देखील इंधनबचतीच्या धोरणाने साडेचारशे मैलांची करावी लागली. त्याच फेब्रुवारीत सत्तावन्न वर्षांच्या इगी कटोनाने डेटोनाची आर्का शर्यत जिंकून दाखविली. १९७९ मध्ये तेथेच रिचर्ड पेटी यांचा अठरा वर्षांचा मुलगा काइल आयुष्यातील पहिल्याच शर्यतीत उतरला आणि जिंकला. एकाच मार्गावर, पाच वर्षांच्या अंतराने, एक विजेता आजोबा शोभेल अशा वयाचा आणि एक नुकता शाळेबाहेर पडलेला; इतक्या भिन्न माणसांना एका रांगेत उभे करणारी दुसरी मालिका त्या काळी शोधूनही सापडली नसती.

अशा काळात संस्था जगली कशी, याचे उत्तर जुन्या गाड्यांच्या बाजारात आहे. नॅस्कारमधील श्रीमंत पथके दर एक-दोन वर्षांनी नवीन सांगाडे घडवीत आणि जुने विकून टाकीत. आर्काने आपले नियम बुद्धिपुरस्सर असे ठेवले, की या टाकून दिलेल्या गाड्या थोड्या फेरफाराने तिच्या शर्यतींत चालाव्यात. त्यामुळे इंडियानातील एखादा वेल्डिंगचा कारागीर, नव्या गाडीच्या किमतीच्या काही अंशात, कालपर्यंत एखाद्या सुप्रसिद्ध चालकाने हाकलेली गाडी आपल्या गॅरेजात आणू शके आणि हिवाळाभर तिच्यावर हात चालवी. हा नियम साधा दिसतो, परंतु त्यातील शहाणपण किती खोल होते हे शेजारच्या संस्थांकडे पाहिले म्हणजे कळते. इंडियानापोलिसच्या 'युसॅक'ने आपली स्टॉक कार मालिका १९८४ मध्ये गुंडाळली. रेक्स रॉबिन्स यांची 'अमेरिकन स्पीड असोसिएशन' ही तर आर्काहून कितीतरी कल्पक व धडाडीची. तिने आपली स्वतंत्र, हलकी गाडी घडविली, मार्क मार्टिन व रस्टी वॉलेस यांच्यासारखे चालक नावारूपाला आणले, आणि तरीही तिची राष्ट्रीय मालिका २००४ च्या हंगामानंतर बंद पडली. स्वतंत्र गाडी म्हणजे स्वतंत्र वैभव, पण प्रायोजकांनी हात आखडता घेतल्यावर तीच गाडी दुसरीकडे कोठे चालत नाही. आर्काची गाडी नेहमीच कोठून तरी आलेली असे आणि कोठेतरी विकता येई.

जॉन मार्कम १९८१ मध्ये निवर्तले. पुरुषी समजल्या जाणाऱ्या या धंद्याची सूत्रे त्यानंतर मिल्ड्रेड मार्कम यांच्या हाती आली, आणि संस्था मोडेल असे भाकीत करणाऱ्यांना तसे काही पाहावयास मिळाले नाही. पुढे बॉब लोगा यांनी अध्यक्षपद सांभाळले. १९९६ मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर ते रॉन ड्रेगर यांच्याकडे गेले. याच काळात शिकागोच्या बिल व्हेंच्युरिनी याने १९८७ व १९९१ मध्ये विजेतेपद मिळविले. त्याच्या गाडीचे टायर बदलणारे व पेट्रोल भरणारे पथक त्याची पत्नी कॅथी हिच्या नेतृत्वाखाली संपूर्ण स्त्रियांचे होते, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकांना नवलाची वाटली. त्या घराण्याचे पथक पुढे आर्कातील सर्वांत प्रबळ पथकांपैकी एक झाले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रायोजक पालटत गेले. पर्माटेक्स आले, पोचे बुजविण्याचे लुकण विकणारे बाँडो आले, २००१ पासून घरांची दलाली करणारे रीमॅक्स आले, आणि २०१० पासून विस्कॉन्सिनचे घरबांधणी-सामानाचे दुकानदार मेनार्ड्स यांचे नाव मालिकेशी जोडले गेले ते अद्याप आहे.

२००१ चा हंगाम मात्र शोकाचा ठरला. ४ ऑक्टोबर रोजी शार्लटच्या आर्का शर्यतीत, अखेरच्या फेऱ्यांत अग्रस्थानासाठी झुंजताना, पेनसिल्व्हेनियाचा पंचवीस वर्षांचा ब्लेझ अलेक्झांडर भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच्याशी झुंजणारा दुसरा चालक केरी अर्नहार्ट हा होता, आणि केरीचे वडील, नॅस्कारचे नामांकित चालक डेल अर्नहार्ट, हे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डेटोनाला याच प्रकारे गेले होते. मस्तक व मान जखडून धरणारे संरक्षक साधन तोवर उपलब्ध असूनही ऐच्छिक होते. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत नॅस्कारने आपल्या प्रमुख मालिकांत ते सक्तीचे केले. डेलसारख्या महापुरुषाच्या मृत्यूने जे सक्तीचे झाले नाही, ते एका लहान मालिकेतील तरुणाच्या मृत्यूनंतर झाले. आर्काच्या इतिहासात हे पान वगळू नये, आणि त्या तरुणाचे नाव प्रत्येक स्मरणिकेत यावे, असे मला मनापासून वाटते.

नव्या शतकाची पहिली दहा वर्षे फ्रँक किमेल या एका नावाने व्यापलेली आहेत. दक्षिण इंडियानाच्या या चालकाने १९९८ मध्ये पहिले विजेतेपद मिळविले, २००० पासून २००७ पर्यंत सलग आठ वर्षे ते सोडले नाही, आणि २०१३ मध्ये दहावे मिळविले. कटोनाचा एकोणऐंशी विजयांचा विक्रम मोडून तो ऐंशीवर थांबला. नॅस्कारच्या मोजक्या शर्यतींत तो उतरला, पण त्याचे घर आर्काच राहिले. त्याच्या या दीर्घ सत्तेमुळे मालिका नीरस झाली असे काहींचे म्हणणे होते. मला ते पटत नाही. जी संस्था आपले सर्वोत्तम चालक पन्नास वर्षे दुसऱ्याला देत आली, तिला आपल्याच अंगणात राहिलेला एक खराखुरा नायक लाभला होता, आणि नवशिक्या तरुणांना आपली किंमत ठरविण्यासाठी त्याच्याहून चोख कसोटी नव्हती.

याच दशकात रॉकिंगहॅमची घटना घडली. उत्तर कॅरोलिनातील हा एक मैलाचा मार्ग १९६५ पासून नॅस्कारच्या वर्षक्रमात होता. २००४ नंतर नॅस्कारने तो सोडला आणि तेथे गवत माजू लागले. २००७ मध्ये त्याचा लिलाव निघाला तेव्हा तो चव्वेचाळीस लाख डॉलरांना विकत घेतला अँडी हिलेनबर्ग याने, म्हणजे आर्काच्या १९९५ च्या विजेत्याने. पुढच्याच मे महिन्यात त्याने तेथे शर्यत भरविली ती अर्थात आर्काची, आणि ती जिंकली अठरा वर्षेही पुरी न झालेल्या जोई लोगॅनो याने, आपल्या पहिल्याच आर्का शर्यतीत. मोठ्यांनी टाकून दिलेला मार्ग, लहान मालिकेच्या जुन्या विजेत्याची पुंजी आणि उद्याच्या मोठ्या चालकाचे पदार्पण, असा तो एका दिवसाचा योग होता. तेवढ्याने रॉकिंगहॅमचा संसार कायमचा उभा राहिला नाही, काही वर्षांनी तेथील शर्यती पुन्हा थांबल्या. तथापि हिलेनबर्गने केलेले साहस मला आजही वंदनीय वाटते.

२०१० च्या फेब्रुवारीत डॅनिका पॅट्रिक ही इंडी मोटारींची विख्यात चालक डेटोनाच्या आर्का शर्यतीत उतरली, सहावी आली, आणि त्या दिवशी मालिकेला जे प्रेक्षक लाभले ते एरवी लाभत नसत. पण तोवर मालिकेचे अंतरंग पालटले होते. वेल्डिंगच्या कारागिराची जागा श्रीमंत बापाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने घेतली होती. तो हंगामासाठी एखाद्या पथकाला मोठी रक्कम भरी, जिंके किंवा न जिंके, आणि वर्षाअखेर पुढच्या पायरीवर निघून जाई. खर्चाला लगाम घालण्यासाठी संस्थेने २०१५ पासून इल्मोर कंपनीचे ३९६ घनइंचांचे ठरीव इंजिन आणि पोलादी पत्र्याऐवजी संमिश्र पदार्थाची तयार अंगकाठी आणली. हे उपाय योग्य होते. एका इंजिनावर अनेक शर्यती काढता येऊ लागल्या, मोडका भाग खोलून नवा बसविणे सोपे झाले. मात्र हिवाळाभर हातोडीने पत्रा ठोकून स्वतःच्या गाडीला स्वतःची ठेवण देणाऱ्या माणसाला त्या गॅरेजात मग काही काम उरले नाही.

२०१८ च्या एप्रिलमध्ये नॅस्कारने आर्का विकत घेतल्याचे जाहीर झाले, आणि २०२० पासून नॅस्कारच्या पूर्व व पश्चिम विभागांतील प्रादेशिक मालिका आर्काच्या नावाखाली एकत्र आणण्यात आल्या. मार्कम कुटुंबाच्या घरगुती कारभाराची ही समाप्ती होती. ती टाळता आली असती का, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मार्ग-मालकांचा खर्च वाढत होता, दूरदर्शनचे करार थोरल्या संस्थेच्या हाती होते, डेटोना व टॅलाडेगा हे मार्गही तिच्याच वर्चस्वाखाली होते. अशा स्थितीत पासष्ट वर्षे टिकवलेला स्वतंत्र कारभार योग्य माणसांच्या स्वाधीन करणे हे मोडून पडण्यापेक्षा निश्चित श्रेयस्कर होते. परंतु विलीनीकरणानंतर मोटारींची संख्या वाढेल ही अपेक्षा फलद्रूप झालेली नाही. लहान मार्गांवर वीसही गाड्या रांगेत नसतात असे दिवस येतात. आणि पहिल्या दोन-तीन पथकांना सोडले, तर उरलेल्यांना जिंकण्याची आशा प्रारंभाच्या निशाणापूर्वीच सोडावी लागते.

या मालिकेचा खरा ठेवा तिच्या वर्षक्रमात आहे, आणि नव्या कारभाऱ्यांनी तो राखावा अशी माझी विनंती आहे. एकाच हंगामात डेटोनाचा अडीच मैलांचा मार्ग, सेलमचा उभा चढ, डावी-उजवीकडे वळणारे रस्ता-मार्ग, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात इलिनॉयच्या स्प्रिंगफील्ड व डुकोईन येथील जत्रामैदानांवरचे एक मैलाचे मातीचे मार्ग, हे सारे एकाच चालकाला अनुभवावयास लावणारी दुसरी स्टॉक कार मालिका अमेरिकेत नाही. मातीवर गाडी आडवी घसरवीत नेणे हे जुने कौशल्य तेथे आजही कामी येते, आणि डांबरावर वाढलेला तरुण तेथे बापाच्या पैशाने तरून जाऊ शकत नाही. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने या दोन शर्यती तोट्याच्या असतीलही. दर वर्षी त्या वर्षक्रमातून वगळण्याचा प्रस्ताव कोणाच्या तरी टेबलावर येत असेल, तर तो मंजूर करण्यापूर्वी त्याने एकदा स्प्रिंगफील्डच्या जत्रेच्या रविवारी मैदानात जाऊन लाकडी बाकांवर बसलेली माणसे पाहावीत, आणि त्यांतील किती जणांच्या हातांवर अजून ग्रीस आहे तेही पाहावे.